चार इंच पाऊस, चार बोटं ओल

बोरसुळीच्या ग्रामपंचायतीचे कारकून गुरुलिंगप्पा रोज सकाळी साडेआठला चावडीमागच्या आवारात पाऊस मोजायला जात. पाऊस पडलेला नसला तरी जात. सरकारचा तसा हुकूम आहे, असं सांगत. हुकूम पावसाळ्यापुरता होता. गुरुलिंगप्पांनी तो बारमाही करून घेतला होता. धुतलेलं धोतर, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, काखेत वही आणि हातात काचेचं माप अशा थाटात ते निघाले की वाटेतल्या बायका घागरी सावरून बाजूला होत. इष्टलिंगाची पूजा ते पाच मिनिटांत उरकत आणि काचेचं माप पुसायला दहा मिनिटं घेत. निलंग्याची एसटी त्यांच्याइतकी वेळेवर कधीच आली नाही. एवढी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगता येते. दुसरी शोधावी लागेल.

गाव पूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. तेव्हा त्यांचं पोस्टकार्ड दर आठवड्याला उस्मानाबादला जाई आणि तिथे त्याचं काय होई, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागत होतं. शिक्के लागत होते, खुर्च्या लागत होत्या, आकडेही लागत होते. एक दिवस जीप आली. गंजलेलं पर्जन्यमापक उपटून नवं बसवलं, भोवती तारेचं कुंपण घातलं, आणि जाताना साहेबांनी गुरुलिंगप्पांचा हात हातात घेतला. "तुमच्यासारख्या माणसांवर जिल्हा चालतो," असं ते म्हणाले. हे वाक्य साहेब त्या दिवशी आणखी सहा गावांत म्हणाले असणार. गुरुलिंगप्पा मात्र त्या दिवसापासून जिल्हा चालवू लागले.

पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे शाळेतला एक तडकलेला फळा मागून आणून चावडीच्या भिंतीला टांगला. त्यावर रोज खडूने दोन आकडे: आजचा पाऊस आणि आजवरचा पाऊस. अक्षर वळणदार होतं, हे कबूल केलं पाहिजे. वर्ष-दोन वर्षांत गावाला त्या फळ्याची सवय लागली. ज्या माणसांच्या बापांनी पेरणीआधी हातभर माती उकरून तिचा लाडू वळून बघितला होता, ती माणसं आता फळ्यासमोर उभी राहून माना डोलवू लागली. माती उकरायला वाकावं लागतं. फळा उभ्या उभ्या वाचता येतो.

गुरुलिंगप्पांच्या बायकोने, महानंदाबाईंनी, एकदाच ती वही बघितली. त्यांना अक्षर लावून लावून वाचता येई. त्यांनी घरं मोजली. तारीख, मिलिमीटर, एकूण, मागचं साल, शेरा.

"यात ओलीचं घर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसली ओल?"

"मातीतली. पडला किती ते लिवलंय. मुरला किती?"

"ते शास्त्रात येत न्हाई," गुरुलिंगप्पा म्हणाले आणि वही मिटली.

त्यांची पाच एकर जमीन उताराची होती. वरचं टोक चुनखडीचं, हलकं. पाणी पडलं की तिथे पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी घसरगुंडीवरून उतरावं तसं खाली पळतं. मधली पट्टी बेताची. आणि तळाला ओढ्याकडेला बांधाच्या आत एक एकर काळी, जिच्यात वरून पळालेलं सगळं पाणी येऊन बसतं. पाच एकरांवर पाऊस सारखाच पडे. ओल मात्र तीन जागी तीन तऱ्हेची असे. हे महानंदाबाईंना लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं, कारण खुरपायला त्या जात होत्या. गुरुलिंगप्पांना कधीच कळलं नाही, कारण ते बांधावरून बघत.

पंच्याऐंशीचं साल वाईट होतं. मृग कोरडा गेला. मूग पेरला तो टाचेएवढा होऊन जळाला. मधे मधे शिंतोडे आले. फळ्यावर दोन, तीन, दीड असे आकडे आले आणि गुरुलिंगप्पांनी त्यांची इमानदारीने बेरीज केली. ज्या शिंतोड्याने अंगणातली धूळसुद्धा दबली नाही, तोही बेरजेत धरला. माती अशी बेरीज करत नाही. सोमवारचं दोन मिलिमीटर मंगळवारच्या उन्हात उडून जातं आणि बुधवारी तिच्या गाठीला काही उरलेलं नसतं. फळ्यावर मात्र ते दोन मिलिमीटर दिवाळीपर्यंत टिकून राहतं.

घरात खायला रेशनची लाल ज्वारी होती, जिची भाकरी थापताना कडेने फाटे. आणि उतरंडीच्या तळाच्या दोन गाडग्यांत राख आणि लिंबाचा पाला घालून ठेवलेली अधमण, म्हणजे वीस शेर, बियाण्याची ज्वारी होती. पांढरी, टपोरी, घरची. महानंदाबाईंच्या सासूने ते बी राखलं होतं, तिच्याही सासूने राखलं होतं. लाल भाकरी घशाखाली उतरत नव्हती, त्या दिवसांतही महानंदाबाईंनी त्या गाडग्यांना हात लावला नव्हता. ते बी गेलं तर दुसरं कुठून येणार नव्हतं.

हस्ताच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि दीड तास असा पाऊस झाला, की ओढ्यावरचा कच्चा रस्ता वाहून गेला. वरच्या रानातून तांबडं-काळं पाणी पायरीपायरीने उड्या मारत खाली आलं. पोरं नाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुलिंगप्पांनी माप डोळ्यांच्या रेषेत धरलं, दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं आणि फळ्यावर लिहिलं, एकशे चार. खाली कंसात लिहिलं, चार इंच. पहिल्यांदाच त्यांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

आकडा बरोबर होता. त्यांचा आकडा कधीच चुकत नसे, आणि हीच सगळी पंचाईत होती.

"अप्पा, पेरू का आता?" शेजारच्या रानाच्या बसवराजने विचारलं. त्याच्यामागे आठ-दहा जण होते.

"इचारायची गोष्ट हाय का ती? एका दिवसात चार इंच! दहा सालात झाला न्हाई. बिनघोर पेरा. मी सवता मंगळवारी तिफन धरायलोय."

मंगळवार अशासाठी, की मधे सोमवार येत होता आणि लिंगायताच्या रानात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बसवण्णाचा दिवस. त्या मोकळ्या सोमवारी महानंदाबाई घरातली कमरेएवढी लोखंडी सळई घेऊन रानात गेल्या. पेवाच्या काळात, जमिनीखालच्या पेवातल्या ज्वारीला ओल लागली की नाही, हे बघायला ती सळई होती. पेव बुजलं, सळई उरली. ओल्या काळ्या मातीत ती सुरीसारखी उतरते आणि कोरडं लागलं की दगडावर आपटल्यासारखी थांबते.

वरच्या टोकाला त्यांनी सळई रोवली. चार बोटं गेली आणि थांबली. दहा पावलं सोडून पुन्हा रोवली. चार बोटं. अंगाचा भार टाकला, तरी चारच. खाली भुईमुगाच्या टरफलासारखी कोरडी माती खडखडत होती. मधल्या पट्टीत वीतभर गेली. तळाच्या काळीत मात्र दीड हात गेली, आणि वर काढताना फुगून बसलेला चिखल ती सोडेना. त्या तिथेच बांधावर बसल्या. ज्वारीचं बी दोन बोटं खोल पडतं. चार बोटं ओलीत ते हसत उगवेल, महिनाभर जगेल, मग मूळ खाली जाईल आणि तिथे काही नसेल. वरची ओल खालच्या ओलीला भेटली तर थंडीतली ज्वारी फक्त दवावर निभते. इथे मधे कोरड्याची भिंत होती.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं सांगितलं. गुरुलिंगप्पा माप पुसत होते.

"एकशे चार मिलिमीटर पडलाय, आणि तू मला चार बोटं सांगायलीस?"

"पडला. थांबला न्हाई. तुमचं भांडं हाय पत्र्याचं, त्याला उतार न्हाई. त्यात पडलं ते त्यातच ऱ्हातं. रानाला उतार हाय."

"म्हंजे सरकारचं भांडं खोटं?"

"भांडं खरं हाय. तुमी भांड्यात पेरा मग."

गुरुलिंगप्पांनी जेवणावर राग काढला. भाकरी जाड आहे, म्हणाले.

मंगळवारी लिंबाजी आपले बैल घेऊन आला. लिंबाजीचं बौद्धवाड्यात घर होतं, गायरानातली दोन एकर त्याला मिळाली होती आणि त्याची बैलजोडी गावात नावाजलेली होती. दोन्ही घरांची पेरणी त्याच्या बैलांवर होई, आणि त्या बदल्यात गुरुलिंगप्पांची कडब्याची गंज बैलांना मोकळी असे. तिफन जोडली. तिफनीमागे बाई चालते आणि ओटीतल्या बियाची मूठ लाकडी चाड्यात सोडत राहते. चाड्यातून तीन नळ्यांनी बी तीन ओळींत जमिनीत उतरतं. महानंदाबाईंच्या ओटीत जेमतेम चार शेर बी होतं.

"बाकीचं कुठाय?" गुरुलिंगप्पांनी विचारलं.

"घरी. कुलपात. हे खालच्या एकरापुरतं हाय."

"आन वरचं?"

"वरचं पडीक ठिवायचं."

गुरुलिंगप्पांनी आजूबाजूला बघितलं. पलीकडच्या बांधावर बसवराज हातावर तंबाखू मळत उभा होता. अप्पांची तिफन चालली की आपली जुंपायची, म्हणून तो थांबला होता. त्याच्या मागच्या रानात आणखी तिघं. ज्या माणसाने चार इंचाखाली दोन रेघा ओढल्या, त्याचं रान पडीक? गुरुलिंगप्पांच्या कपाळावरची विभूती घामाने ओली झाली.

"किल्ली दे."

"न्हाई देत."

"महानंदे, लोकं बघायलेत!"

"बगू द्या. बी लोकाचं न्हाई."

गुरुलिंगप्पा जवळ आले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "मग रिकामी मूठ सोड. पण चाल. वरपासून चाल."

लिंबाजीने बैलांचा कासरा ओढून धरला. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्याने महानंदाबाईंकडे बघितलं.

महानंदाबाईंनी मनाशी हिशेब केला. नाही म्हणावं, तर हा माणूस घरी जाऊन कुलूप फोडेल, बसवराजच्या देखत फोडेल, आणि दोन्ही गाडगी या चुनखडीत ओतली जातील. हो म्हणावं, तर बी राहतं. जाणार ती फक्त आपली चाल. त्यांनी पदर खोचला.

"चला, लिंबाजीभाऊ."

आणि त्या चालल्या. चार एकर. मूठ ओटीत जायची, रिकामी यायची, चाड्यावर उघडायची. नळ्यांतून वारा उतरत होता. गुरुलिंगप्पा बांधावर उभे राहून "दाट सोड, दाट!" असं ओरडत होते. इतकं मन लावून त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल.

तिसऱ्या पाळीला लिंबाजी मागे न बघता हळूच म्हणाला, "अक्का, पन्नास सालाचा झालो, हवा पेरताना पयल्यांदाच बघितलं."

"गप ऱ्हावा. बैल हसतेल."

"माज्या रानात सळई घालता का एकदा?"

"घातली कालच. तुमचं समदं वरच्यावाणी हाय. नका पेरू."

"बरं," लिंबाजी म्हणाला. एवढंच. एवढ्यावर त्याचं बी वाचलं.

पलीकडून बसवराज ओरडला, "काकू, येऊ द्या मूठ! चार इंच हाय, फिकीर न्हाई!" महानंदाबाईंनी मान वर केली नाही. खालच्या एकरात आल्यावर त्यांनी पहिल्यांदा खरी मूठ सोडली, आणि तोवर बसवराज आपली तिफन जोडायला गेलाही होता.

आठ दिवसांत गाव हिरवं झालं. हिरवं म्हणजे असं, की निलंग्याच्या रस्त्याने जाणाऱ्याने एसटी थांबवून बघावं. फक्त गुरुलिंगप्पांची वरची चार एकरं टकलासारखी चमकत होती. चावडीवर माणसं त्यांना खिजवू लागली.

"अप्पा, तुमच्या रानावर पाऊस न्हाई का पडला?"

"भांडं चावडीत आन ढग रानात, चुकामूक झाली असंल."

"बी बसलं नसंल. काकूची मूठ वळली न्हाई."

"तेच," गुरुलिंगप्पा म्हणाले. "बायकांच्या हातचं काम." हे ते चौघांत म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत ते पाणवठ्यावर पोचलं. पाणवठ्यावर महानंदाबाईंना बघून बायका तोंडाला पदर लावू लागल्या. त्या घागर भरून घरी येत आणि लाल भाकऱ्या थापत.

चित्रा कोरडी गेली. स्वातीने आभाळ दाखवलं आणि झाकलं. चार पानांवरची ज्वारी दुपारी सुरळी करू लागली, मग सकाळीही सुरळी करू लागली, मग खालून पिवळी पडली. दिवाळीला गावात कुणाच्याही रानात गुरांच्या तोंडाला लागावं एवढंही उरलं नाही. तळाच्या त्या एका एकरात मात्र ज्वारी गुडघ्याला आली होती आणि काळीभोर होती.

बलिप्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी बसवराज रान बघत बघत गुरुलिंगप्पांच्या वरच्या तुकड्यात शिरला. तिफनीच्या ओळी अजून स्पष्ट होत्या. सहज म्हणून तो खाली बसला आणि बोटाने ओळ उकरली. न उगवलेलं बी निदान कुजलेलं तरी सापडतं. त्याला काही सापडलं नाही. त्याने दहा पावलं ओळ उकरली. मग दुसरी. मग मध्ये जाऊन तिसरी. एक दाणा नाही, दाण्याचं साल नाही.

दुपारी दहा-बारा माणसं गुरुलिंगप्पांच्या दारात आली.

"अप्पा," बसवराज म्हणाला, "आमाला म्हणाला बिनघोर पेरा. आन तुमी रिकामी तिफन फिरवली?"

गुरुलिंगप्पा ओट्यावर उभे होते. खरं सांगायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं: बायको सांगत होती, मी ऐकलं नाही. ते वाक्य सोडून ते बाकी सगळ्या दिशांना गेले. आधी बी खराब होतं, म्हणाले. मग मुंग्यांनी नेलं. मग, माणसं आणखी पुढे सरकल्यावर, छाती काढून म्हणाले, "प्रयोग होता. जिल्ह्याचा. गुप्त होता."

"कसला प्रयोग?"

"ते सांगायचा हुकूम न्हाई."

दारातून महानंदाबाई बाहेर आल्या. हाताला पीठ होतं.

"कसला डोंबलाचा प्रयोग," त्या म्हणाल्या. "मी बी दिलं न्हाई म्हणून मूठ रिकामी. वरच्या रानात चार बोटं ओल होती. सळई घालून बघितली. तुमच्या अप्पाला सांगितलं. त्यांना फळा मोठा वाटला."

मग बसवराज हळू आवाजात म्हणाला, "आन मला, काकू? मी बांधावर हुबा होतो. तुमची मूठ बघितली, तवा बैल जोडले. फळ्यावर माझा निम्माच भरवसा होता. निम्मा तुमच्या मुठीवर."

महानंदाबाईंकडे तयार उत्तर होतं. तुम्ही विचारलं होतं का? बायकोमाणसाला कोण विचारतं? हे उत्तर त्यांनी महिनाभर पाणवठ्यावरून येता-जाता घोटून ठेवलं होतं. ते तोंडापर्यंत आलं. पण लिंबाजीनेही उशिराच विचारलं होतं, आणि त्याच्या रानात त्यांनी न विचारताच आदल्या दिवशी सळई घालून बघितली होती. बसवराजचं रान त्याच बांधाला लागून होतं. दहा पावलं जायचं होतं. नवऱ्याची लाज आणि आपलं बी, दोन्ही झाकायला त्या चार एकर खोटं चालल्या होत्या आणि एक हाक मारली नव्हती.

त्या आत गेल्या. कुलूप उघडल्याचा आवाज आला. दोन्ही गाडगी त्यांनी ओट्यावर आणून ठेवली आणि खाली बसल्या.

"किती घरं हायत?"

"अकरा," कुणीतरी म्हणालं.

"सोळा शेर हाय. शेर-शेर घ्या. खायला न्हाई, बी म्हणून. पुढल्या साली थोडं पेरा, त्याचं पुन्ना बी करा. उरलेले पाच बसवराजला."

"महानंदे!" गुरुलिंगप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून आणखी काही निघणार होतं. पण समोर अकरा घरांची माणसं हात पुढे करून उभी होती, आणि हात पुढे करून उभ्या असलेल्या माणसांसमोर उभं राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला होता. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. मान ताठ झाली. "घ्या, घ्या," ते म्हणाले. "गाव आपलंच हाय. एकेकानं या. गर्दी करू नका."

महानंदाबाई शेराच्या मापाने मोजत होत्या. माणसं धोतराच्या सोग्यात बी घेऊन अप्पांना नमस्कार करत होती. बसवराजने शेवटी घेतलं. त्याने नमस्कार कुणालाच केला नाही.

आकड्याचा आणखी एक परिणाम झाला. चार इंच पाऊस झालेल्या गावात टंचाई कशी, असं म्हणून वरच्या कागदांत बोरसुळीचं नाव मागे पडलं आणि तलावाच्या मातीचं दुष्काळी काम शेजारच्या गावांनंतर दोन महिन्यांनी निघालं. तळाच्या एकराने पावणेतीन पोती दिली. त्यातली पहिली पायली महानंदाबाईंनी रिकाम्या गाडग्यांत भरली, आणि बाकीच्यावर संक्रांतीनंतर घरात पांढरी भाकरी दिसली. तलावाच्या कामावर त्या लिंबाजीच्या बायकोच्या जोडीने पाट्या टाकायला जात.

पुढच्या निवडणुकीत गुरुलिंगप्पा कारकुनी सोडून उभे राहिले आणि निवडून आले. बोरसुळीत आजही म्हातारी माणसं सांगतात, की त्या दुष्काळात गुरुलिंगप्पांनी घरातलं बी काढून गावाला वाटलं, असा दिलाचा माणूस पुन्हा झाला नाही. कुणी महानंदाबाईंसमोर हे सांगितलं, तर त्या नाही म्हणत नाहीत.

"हाव, वाटलं की," त्या म्हणतात. "मी बसून मोजलं, त्यांनी हुबं राहून वाटलं."